पळसाच्या पानांचा बालाजी

४ जून

रेणुकादास गुरुजी आज स्वतःहून घरी आले. बालाजीचा विषय काढला. वर्ष पुरं व्हायच्या आत करून घ्या म्हणाले. ज्याचा देह सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि मग दहावं-तेरवी रीतीप्रमाणे होते. मला हे माहीत होतं. पण पुतळा हा शब्द गुरुजींनी आईसमोर वापरायला नको होता.

आई म्हणाली, "करून टाकू, गुरुजी. किशनला इचारा."

मी म्हणालो, सध्या धोंड्याचा महिना चालू आहे, अधिकात असलं काम करावं का? गुरुजी म्हणाले, महिना संपू द्या, पण मग टाळू नका. आईला मनातून बरं वाटलं असणार. ती अजून तयार नाही. मी तिला ओळखतो.

ही वही आजपासून लिहीत आहे. डोक्यात फार विचार येतात. लिहिले की निदान एकामागे एक उभे राहतात. तर सुरुवातीपासून. आमचं गाव मुदखेड तालुक्यात, गंगेच्या काठावर. पुस्तकात तिला गोदावरी म्हणतात, आमच्याकडे गंगाच. मागच्या सप्टेंबरात पूर चढत होता तेव्हा माझा धाकटा भाऊ बालाजी, आमच्या ग्यानोबाकाकांची पाण्याची मोटार काठावरून वर ओढायला इतर पोरांबरोबर गेला. पूर आला की आमच्याकडे सगळे हेच करतात, मोटारी वाचवतात. मोटार वर आली. बालाजी दोर सोडवायला परत खाली उतरला. तो सापडला नाही. वय एकोणीस. पोहायला उत्तम.

९ जून

मी नांदेडला फ्लेक्सच्या दुकानात मजकूर बसवतो. बारावीचा फॉर्म भरला होता, परीक्षेला बसलो नाही, वडील त्याच महिन्यात गेले. पण माझ्या नजरेतून शुद्धलेखनाची चूक सुटत नाही. मालकही गिऱ्हाइकांना हे सांगतात. पूर्वी श्रद्धांजलीचे सगळे फ्लेक्स माझ्याकडे असायचे. सप्टेंबरपासून मालक ते दुसऱ्याला देतात. मी तसं सांगितलं नव्हतं, त्यांचे तेच देतात.

आज एका सहल कंपनीचा फ्लेक्स होता. त्यावर कोरिंगा नावाच्या अभयारण्याचा फोटो. आंध्रात, काकिनाड्याजवळ. गोदावरी समुद्राला मिळते तिथे खारफुटीचं जंगल आहे, झाडांच्या मुळ्या पाण्यातून वर आलेल्या. त्या मुळ्यांत काहीही अडकू शकतं. मी फोटो मोठा करून पाहत होतो. मालकांनी विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, रंग तपासतो आहे.

शोधणारी बोट धर्माबादच्या पुढे गेली नव्हती. पुढे तेलंगण लागतं. मी आज विचार केला. त्या दिवसांत बाभळीच्या बंधाऱ्याची दारं उघडीच असतात. एवढा पूर म्हटल्यावर खालच्या धरणांचीही उघडली असणार. म्हणजे मध्ये अडायचं कारणच नाही. थेट शेवटपर्यंत रस्ता मोकळा.

आईची एकदा तो शेवट पाहायची फार इच्छा असणार.

१३ जून

औशाहून अक्काचा फोन आला. अयोध्याअक्का माझी थोरली बहीण. तिचं बोलणं आहे तसं लिहितो, माझं थोडं शुद्ध करून.

"धोंडे जेवायला बोलावणार का न्हाई आमाला? महिना सरत आला. सासूबाई टोमणे मारून राहिल्यात. म्हणतात, तुझ्या माहेरात सुतक हाय का?"

"सुतक नाही, अक्का."

"मग कर जेवण. तुझे दाजी नवा शर्ट घालून बसतेत."

"जेवण कसं करणार? बालाजी..."

"बरं. म्हंजे सुतक हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एक काय ते ठरव की रं किशन. घरात सुतकबी न्हाई अन् सणबी न्हाई. आई गोडाला हात लावंना. पुरणाची पोळी ताटात घेती अन् तुझ्याकडं बघत बसती."

"आई तयार नाही अजून."

"आईला मी इचारलं. ती म्हणती, किशन तयार झाला की करू."

"ती तुझ्यापुढे तसं म्हणते."

"अन् तुझ्यापुढं काय म्हणती?"

"तेच म्हणते. पण मनातून नाही."

अक्का म्हणाली, "तू फ्लेक्समधल्या चुका काढ बाबा. माणसाच्या मनातल्या काढू नको." फोन ठेवला.

मी मग आईपाशी कोरिंग्याचं बोललो. ती ज्वारी निवडत होती. म्हणालो, गंगा जिथे संपते तिथे एकदा जाऊन येऊ, तुला बरं वाटेल. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुला जायचंय का?" मी म्हणालो, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "मग चल." सुपातले खडे तिने परत सुपातच टाकले, माझ्या लक्षात आलं. मी ते वेचून काढले.

आईने लगेच होकार दिला, म्हणजे इच्छा किती असेल.

२७ जून

तिकिटं झाली. विशाखापट्टणमची गाडी मुदखेडला थांबते. सामान भरलं. आईचं लुगडं, औषधं, दशम्या, चटणी, बॅटरी, आधार कार्डांच्या झेरॉक्स. बालाजीची एक पँट आणि निळा टी-शर्टही घेतला. तिकडे खारं वारं असतं, रात्री गार वाटू शकतं. बालाजीचा पोलिसांत दिलेला फोटोही प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला.

२९ जून

गाडीत लिहितो आहे, अक्षर हलेल.

काल बासरला गंगेच्या पुलावर लोक खिडकीतून नाणी टाकत होते. आईने नाणं टाकलं नाही. नुसते हात जोडले. मी म्हणालो, टाक की. ती म्हणाली, "तिला अजून काय देऊ?"

सकाळी राजमहेंद्रीला पुन्हा गंगा आली. पूल संपता संपत नव्हता. आईने तोंडाला पदर लावला होता. "एवढी मोठी झाली व्हय ही," म्हणाली. "आपल्याकडं किती बारीक हाय." माहेरची पोर खूप वर्षांनी दिसल्यासारखं बोलली.

बॅगेतून दशमी काढताना तिला तो निळा टी-शर्ट सापडला. तिने तो बाहेर काढला, मांडीवर पसरून पुन्हा घडी घातली आणि आहे तिथे ठेवला. कशासाठी आणला ते विचारलं नाही. मी सांगायला सुरुवात केली होती, वाऱ्याचं. ती म्हणाली, "खा आधी."

३० जून

आज सगळं क्रमाने लिहायचं आहे. लिहिलं नाही तर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

काकिनाड्याहून रिक्षाने अभयारण्याच्या दारापाशी गेलो. आत खारफुटीतून लाकडी फळ्यांची वाट केली आहे. झाडं फार उंच नाहीत, पण दाट. खालून बोटांसारख्या मुळ्या चिखलातून वर आलेल्या, हजारो. मी वाटेच्या दोन्ही बाजूंना वाकून पाहत चाललो होतो. आई मागून म्हणत होती, "सरळ चाल, पडशील."

वाट संपली तिथे बोटींचा धक्का. आणि खाडीत पाणी नाही. मधून एक बारीकशी धार, बाकी सगळा चिखल, बोट चिखलावर आडवी पडलेली. आमच्याकडे नदी अशी उघडी पडली की त्याचा एकच अर्थ असतो, वरची दारं बंद केली. म्हणजे आता इथपर्यंत काही पोहोचणारच नाही. मी तिथल्या बोटवाल्याला हिंदीत विचारलं, कोणत्या धरणाने पाणी अडवलं? सोडणार कधी? कुठल्या ऑफिसला विचारायचं? तो नुसता पाहत राहिला. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण दोन माणसं वळून बघायला लागली.

आई मध्ये पडली. तिचं माहेर देगलूरकडचं, तिला तेलुगू येतं. हे मी विसरलोच होतो, घरी ती कधी बोलत नाही. बोटवाल्याचं नाव सत्तिबाबू, पन्नाशीचा, दाढी पांढरी. दोघं धक्क्यावर बसून बोलायला लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं. कोडुकु, कोडुकु असा एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता आणि तो आला की दोघं माझ्याकडे पाहत होते. मी आईला विचारलं, कोडुकु म्हणजे काय?

"पोरगा."

बालाजीबद्दलच सांगत होती. सांगताना रडली नाही.

"पाण्याचं काय म्हणतो?" मी विचारलं.

"धरणबिरण काय न्हाई. समुद्र येतो अन् जातो म्हणं. काल पुनव झाली, म्हून आज मोठा येईल. बस गप."

मी पुस्तकात भरती-ओहोटी वाचली आहे. दहावीच्या परीक्षेतही लिहिली होती. पण ती मुंबईच्या समुद्राला येते, गंगेला येते हे कधी डोक्यात आलं नाही.

आम्ही बसून राहिलो. चिखलावर बारीक खेकडे होते, शेकड्यांनी. एक पंजा लाल आणि अंगाएवढा मोठा, दुसरा टिचभर. टिचभर पंजाने चिखल उचलून तोंडात घालत होते. न थांबता. मध्येच बोटाएवढे मासे चिखलावरून उड्या मारत जात होते, मासे असून. पांढरे बगळे होते. एक निळा खंड्या एका मुळीवर बसून एकाच ठिकाणी पाहत होता. आई सगळं टक लावून बघत होती.

"लई खाऊन राहिलेत की हे," खेकड्यांकडे पाहून म्हणाली. मग सत्तिबाबूला काहीतरी विचारलं. त्याने सावकाश उत्तर दिलं.

"काय म्हणतो?"

"वरून जे येतं ते हे सगळं साफ करतेत म्हणं. मेलेलं काय ऱ्हाऊ देत न्हाईत. पान असू, लाकूड असू, जनावर असू. त्याच्यावरच ही झाडं." ती थांबली. "अन् झाडात मासे वाढतेत."

मी म्हणालो, नको सांगूस. ती म्हणाली, "तूच इचारलंस."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मला वाटलं व्हतं हितं सुनसान असंल. नुसतं पाणी. त्याला एकटं ऱ्हायला आवडत न्हवतं. अंगणात झोपायचा तरी कुत्रं पायथ्याला पायजे." मग आजूबाजूला पाहून म्हणाली, "गजबज हाय की. बरं हाय."

मला तिचं बोलणं आवडलं नाही. होता, नव्हता, असं ती बोलत होती. प्रवासाने थकली असणार.

मग पाणी आलं. समुद्राच्या बाजूने, उलटं. आधी ती बारीक धार थांबली, मग मागे फिरली, एक वाळकं पान तिच्यावरून नांदेडच्या दिशेला निघालं. पाणी चढाला चढताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी धक्क्याच्या कडेला गेलो. कारण पाणी परत येतं, तर सप्टेंबरात समुद्राकडे गेलेलंही परत याच खाड्यांत येत असणार. गेलं म्हणजे गेलं, असं नाही. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "बोटीत बस."

बोटीत आम्ही तिघंच. सत्तिबाबू मोठ्या खाडीतून नेत होता. दोन्ही बाजूंना बारीक बारीक फाटे आत जात होते, अंधारे, वरून फांद्या. मी प्रत्येक फाट्याला म्हणत होतो, इकडे घ्या. त्याने हाताने नाही म्हटलं. पुढे एका फाट्याच्या तोंडाशी वनखात्याचा फलक होता. आई त्याला विचारून म्हणाली, आत जायला बंदी आहे, ती जागा जनावरांची, माणसाने जायचं नाही. मी म्हणालो, थोडंच आत, फक्त वळणापर्यंत. बालाजीचा फोटो बॅगेतून काढून दाखवला. सत्तिबाबूने फोटो हातात घेतला, नीट पाहिला, दोन्ही हातांनी परत दिला. इंजिन बंद केलं. पण बोट आत घातली नाही.

तेव्हा आतल्या पाण्यातून डोकं वर आलं.

काळं, ओलं, केस चापून बसलेले. माझ्याकडे तोंड. बालाजी बुडी मारून वर यायचा तेव्हा असाच, आधी नुसतं डोकं, खांदे पाण्यात. मी उभा राहिलो. मी ओरडलो. बोट कलली. आईने मागून माझा शर्ट धरला, सत्तिबाबूने कंबर. डोकं खाली गेलं, पलीकडे वर आलं, तोंडात चांदीसारखा मासा. मग त्याच्या बाजूला आणखी तीन डोकी. ती काठावर चढली, लांब शेपट्या, अंग झटकलं, मासा कराकरा खाल्ला.

"पाणमांजर," मी म्हणालो.

"व्हय," आई म्हणाली. "पाणमांजरच हाय."

सत्तिबाबूने मला अजून सोडलं नव्हतं. मी आईला धर म्हणून खूण केली, ती म्हातारी आहे, ती पडेल. त्याला कळलं नाही. तो माझीच पाठ चोळत राहिला.

मी म्हणालो, "इथे नाही शोधायचं तर मग कुठे शोधायचं?"

आई माझ्या शेजारी सरकली. माझा शर्ट तिने सोडला नव्हता. "शोधून झालं, बाबा," ती म्हणाली. "समदी गंगा बघितली आपण. आता ऱ्हायली का कुठं?"

मी फोटो खिशात घातला.

जनावरं गेल्यावर सत्तिबाबूने बोट वळवली. पाणी अजून आतच चाललं होतं.

१ जुलै

गाडीत. आई झोपली आहे. माझा घसा बसला आहे. काल मी नक्की काय ओरडलो ते आठवत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "नाव घेतलंस." एवढंच.

४ जुलै

घरी पोहोचून दोन दिवस झाले. दुकानात गेलो नाही. आज अक्का आली. मी खाटेवर पडलो होतो. दोघी चुलीपाशी हळू बोलत होत्या.

"बघितलं का त्यानं?"

"बघितलं."

"मग?"

"येईल हळूहळू. तू बोलू नको त्याला."

माझ्याबद्दल असावं. काय येईल ते कळलं नाही.

संध्याकाळी मी आईला म्हणालो, तू म्हणत असशील तर गुरुजींना सांगतो. ती लगेच हो म्हणाली नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "सांगू का? का अजून थांबायचं? तू म्हणशील तवा." मी आईला विचारत होतो आणि आई मलाच विचारत होती. मला रडू आलं. का आलं ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

मग मी म्हणालो, सांग.

१० जुलै

गुरुजींनी आजची एकादशी सांगितली होती. पळसाची पानं आदल्या दिवशी तोडून ठेवा, म्हणजे थोडी सुकतील, असंही. मी आज पहाटे माळावर जाऊन तोडली. शिळी नको वाटली. किडलेलं, फाटलेलं, डाग पडलेलं एकही पान घेतलं नाही.

काठावर दर्भ पसरून पुतळा बांधायला घेतला. डोक्याच्या जागी नारळ. कपाळाला इतकी पानं, मानेला इतकी, हातांना, छातीला, मांड्यांना, गुरुजींच्या पोथीत सगळं ठरलेलं आहे. गुरुजी सांगत होते, मी मोजून देत होतो. उजव्या हाताला एक पान कमी पडलं होतं, गुरुजींच्या लक्षात आलं नाही, मी लावलं. छातीची पानं मीच बांधली, सुताने, घट्ट नाही, सैल नाही.

झाल्यावर मी मागे सरकून पाहिलं. आखूड होता.

मी म्हणालो, "गुरुजी, बालाजी माझ्यापेक्षा उंच होता."

"विधीला उंचीचं काही नसतं, किशन."

"पण हा त्याच्या खांद्याएवढाही नाही."

दाजी म्हणाले, "अरे, आता काय माप घेत बसतो? लोक थांबलेत." ग्यानोबाकाका लांब बाभळीखाली उभे होते, ते चालत जवळ आले आणि काही न बोलता हातातली सगळी पानं माझ्यापुढे ठेवली. कधी तोडून आणली होती कोण जाणे. आई म्हणाली, "करू द्या त्याला. होऊ द्या नीट." सगळे उन्हात थांबले. मी पाय लांबवले. पावलं केली. मग बरोबर झाला. आईने त्याच्यावर धुतलेलं नवं कापड घातलं आणि ते हनुवटीपर्यंत ओढलं, थंडीत ओढायची तसं.

मी अग्नी दिला. पेटेना. तूप झालं, कापूर झाला, नुसता पांढरा धूर. पानं ओली होती. दाजी कुणाला तरी डिझेल आणायला सांगत होते. आई म्हणाली, "नको." मग मला म्हणाली, "किशन, बस खाली. फुंक."

मी गुडघ्यांवर बसलो. छातीच्या बाजूने, जिथे सूत मी बांधलं होतं, तिथे फुंकलं. धूर डोळ्यांत गेला. पुन्हा फुंकलं. आई माझ्या मागे बसली होती, तिचा हात पाठीवर होता. "अजून," ती म्हणाली. "अजून थोडं."

मी फुंकत राहिलो. मग पेटला.